गोलपोस्टासमोरचं खळं

बहिरूतात्यानं आयुष्यात फुटबॉलला एकदाही लाथ मारलेली नाही. चेंडू अंगावर आला तर तो हातानं धरतो, धोतराला पुसतो आणि परत टाकतो. तरी आमच्या वरसूबाई संघाचा वाडीतला एकही सामना त्याच्याशिवाय झालेला नाही, कारण आमचं मैदान म्हणजे त्याचं भाताचं शेत आहे.

आमची वाडी घोडेगावहून एसटीनं दोन तासांवर, डोंगरात आहे. सपाट जागा म्हणून असलीच तर ती भातखाचरं. आठ वर्षांपूर्वी आश्रमशाळेतून शिकून आलेली पोरं तात्याच्या खाचरात चेंडू खेळायला लागली. पहिल्या दिवशी तात्या काठी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी काठी टेकून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुमचा तो उजवीकडचा गडी नुसता उभा ऱ्हातो राव, त्याला काय पगार हाय का?" तेव्हापासून तो आमचा.

जागा अपुरी पडायची, म्हणून त्यानं दोन खाचरांमधला बांध फोडला. बांध वीतभर सरकला तरी आमच्याकडे सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. तात्या दर वर्षी भातकापणी झाली की बांध फोडतो आणि पावसाआधी पुन्हा घालतो. मी सर्व्हेचा डिप्लोमा केलेला. टेप लावून मोजलं तेव्हा साठ मीटर लांबी भरली. सात-सात खेळाडूंच्या लीगला तेवढी पुरते.

लीगमध्ये दोन गट आहेत. वरच्या गटात आठ संघ, आणि प्रत्येकाचे निम्मे सामने त्याच्या स्वतःच्या मैदानावर. जो शेवटचा येईल तो खालच्या गटात जातो. खालच्या गटाचे सगळे सामने घोडेगावात, एकाच मैदानावर होतात. तात्याच्या गुडघ्यांना आता घाटातली एसटी सोसत नाही. आम्ही घसरलो तर त्याच्या खाचरात पुन्हा सामना होणार नव्हता, आणि बाहेर जाऊन तो बघू शकणार नव्हता.

गेल्या मे महिन्यात आम्ही नऊ गुणांवर, तळाला होतो. आमच्या वर पिंपळवंडी, अकरा गुण, त्यांचे सामने संपलेले. आमचा एकच सामना उरला होता, कळंबशी, तोही कळंबच्या मैदानावर. बरोबरीचा उपयोग नव्हता. जिंकायलाच हवं होतं.

घरचे सामने संपले, मग तात्यानं बुधवारी राब भाजला. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन. शेण, वाळका पाला, फांद्या, वर मातीचा थर देऊन पेटवायचं. पाऊस आला की त्या राखेत भात पेरायचं. तात्याचा राब त्याच्या बापापासून एकाच जागी होतो, खाचराच्या वरच्या टोकाला, जिथं पाणी साचत नाही. ती जागा म्हणजे आमच्या एका गोलपोस्टासमोरची पेनल्टीची चौकट.

गुरुवारी सकाळी मी टेकाडावर रेंजमध्ये गेलो आणि लीगवाल्यांचा फोन आला. कळंबच्या मैदानावर लग्नाचा मांडव पडला होता. रविवारचा सामना तुमच्याकडे घ्या. मैदान खेळण्यालायक नसेल तर गुण कळंबला.

मी धावत खाली आलो. काळ्याभोर चौकटीच्या एका कडेनं अजून धूर निघत होता. तात्याचा पुतण्या मोहित, आमचा फॉरवर्ड, निवलेल्या बाजूला पाय टाकून बघत होता. घोट्यापर्यंत रुतला.

"तात्या, रविवारी सामना इथं हाय," मी म्हणालो.

तात्या मटकन खाली बसला. "म्या माझ्या हातानं जाळलं की रं समदं," एवढंच म्हणाला.

मोहित म्हणाला, "दुसरीकडं गोल हालवू."

"कुठं हालवतोस? डोंगरावर?" मी म्हणालो.

कोंडाबाई, तात्याची बायको, डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. तिनं राखेत मूठ घातली, माती चोळली. "खळं करा," ती म्हणाली.

"काय?"

"भात झोडायला खळं करतो न्हाई का आपण? राख काढा, पाणी मारा, चोपा, सारवा. रविवारला तीन दीस हायेत. बसून काय ऱ्हायला, गुडघं धरून!"

तात्या हळूच म्हणाला, "आन् राब?"

"राब पाट्यांनी उचला, वड्याकडच्या तुकड्यात टाका. निम्मा उडंल, निम्मा ऱ्हाईल. तेवढ्यात पेरू."

तात्यानं उठून पहिली पाटी स्वतः भरली.

दुपारपर्यंत अख्खी वाडी खाचरात होती. राख पाट्यांतून गेली. मे महिन्यात पाणी झऱ्यावरून आणायचं, एकेका हंड्यासाठी वाट बघायची; बायांनी प्यायच्या पाण्याआधी खळ्याचं पाणी भरलं. शुक्रवारी आणि शनिवारी पोरांनी चोपणी घेऊन जमीन ठोकली. तात्या गुडघ्यांवर बसून चोपत होता आणि ठोकताना आवाज ऐकत होता. "हितं पोकळ हाय. अजून दे." शनिवारी संध्याकाळी कोंडाबाईनं शेणानं सारवलं. मी चुन्याच्या रेषा मारल्या.

रविवारी पंच आले. चौकटीत थांबले, टाच आपटली.

"हे काय आहे?"

"खळं हाय, सायेब," तात्या म्हणाला.

"सारवलंय?"

"घरात सारवतो तसंच. बसून जेवा पायजे तर."

पंचांनी चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडला. तो कंबरेपर्यंत उडाला. कळंबच्या कप्तानाला विचारलं. तो हसला. "एवढा घाट चढून आलोय, आता खेळल्याशिवाय कुठं जातो? अर्धा वेळ आम्हाला, अर्धा वेळ त्यांना." पंचांनी मान डोलावली.

पहिल्या अर्ध्यात खळं आमच्या गोलीपुढे होतं. चेंडू त्यावर पडून आमच्याच बचावाच्या डोक्यावरून गेला आणि कळंबनं गोल केला. तात्या कपाळाला हात लावून बसला. मध्यंतराआधी मोहितनं लांबून बरोबरी साधली.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. मोहित प्रत्येक चेंडूवर उडी घेत होता आणि चुकत होता. तात्या लंगडत गोलामागे गेला आणि ओरडला, "आरं, हवंत कशाला झेपावतो? पडू दे! खळं हाय त्ये, टप्पा वर येतोय!"

पाच मिनिटं उरली होती. मागून उंच चेंडू आला. कळंबचा गोली धावत पुढे आला, मोहितही धावला, आणि मधेच थांबला. चेंडू खळ्यावर पडला, गोलीच्या पसरलेल्या हातांवरून उसळला, आणि मोहितनं गोलीच्या मागे जाऊन तो सावकाश, डोक्यानं, रिकाम्या गोलात ढकलला.

दोन-एक. त्यानंतरची पाच मिनिटं आमचे सातही जण आपल्या गोलापुढे उभे होते. एक चेंडू खांबाला लागून बाहेर गेला तेव्हा कोंडाबाईनं डोळे मिटले होते. पंचांनी शिट्टी वाजवली. बारा गुण. पिंपळवंडी खाली गेली, आम्ही राहिलो.

पोरांनी तात्याला खांद्यावर घेतलं. "सोडा रं, गुडघा मोडंल!" तो ओरडत होता, पण हात दोन्ही वर होते. कोंडाबाई बायांना म्हणत होती, "बगा, बगा, राब जाळणारा गडी!"

जाताना कळंबचा कप्तान तात्याजवळ आला. "बाबा, खरं सांगा, खळं आमच्या गोलीला फसवायलाच केलं ना?"

"न्हाई बा. चूक व्हती माझी."

"मग पुढच्या वर्षी पण हे असंच असणार का?"

तात्यानं घाटाच्या रस्त्याकडे बोट केलं. "ते आमी बगू. तुमी पुढल्या साली गाडी तेवढी याच वाटंला घाला, पावणं."