चाक फिरवू नका!

गेल्या सोमवारी सकाळी राजारामपुरीत एका मोटारवाल्यानं मागं न बघता दार उघडलं आणि सायकलवरून येणाऱ्या एका काकांना पाडलं. वर तोच ओरडला, "म्हाताऱ्या, केवढ्या जोरात येतोस!" निम्मी गल्ली बघत होती, तोंड एकानंही उघडलं नाही.

मी रस्ता ओलांडून पोचलो. काकांचं कोपर फुटलं होतं, तरी पुढचं चाक त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. एकजण चाक वाकलंय का, ते फिरवून बघायला निघाला होता.

"फिरवू नका पावणं! हवेत फिरलं तरी मीटर वेग मोजतंय. आकडा बदलंल की!"

हँडलवरच्या चिमुकल्या मीटरवर त्या दिवसाचा सर्वाधिक वेग होता: ताशी चौदा किलोमीटर. मी तो मोठ्यानं वाचला. मोटारवाल्यानं वाकून आकडा बघितला आणि उघडं दार लावून घेतलं.

"मीटर कशाला लावलंय, काका?"

"माणसं बोलत न्हाईत, म्हणून."

पडलेल्याला उचलायला जरूर धावा. पण जे पाहिलंत, ते तिथंच, पाडणाऱ्याच्या तोंडावर सांगा.