फरीदाबादेत न चाळलेलं पीठ

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि ज्वारीचं पीठ जास्त होतं. माझा धाकटा भाऊ मिलिंद फरीदाबादला सरकारी नोकरीत आहे. बावन्नाव्या वर्षी त्याला हृदयविकाराचा झटका आला. स्टेंट बसवून घरी आणल्याला महिना झाला होता. आमचे बाबा याच दुखण्याने, साधारण याच वयात गेले, तेव्हा मिलिंद बारा वर्षांचा होता. त्यामुळे फोनवर तो 'मी बिल्कुल ठीक आहे, ताई' म्हणाला तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

निजामुद्दीनला उतरले तर सकाळचे नऊ वाजूनही ऊन धुरकट होतं. मिलिंदची बायको वैशाली घ्यायला आली होती. मेट्रो दिल्ली सोडून फरीदाबादेत शिरली. खिडकीतून कारखान्यांचे पत्रे आणि उंच इमारती दिसत होत्या.

"ते महिनाभर खाली उतरलेच नाहीत, ताई," वैशाली म्हणाली. "डॉक्टर रोज चालायला सांगतात. आहारतज्ज्ञ बाईंनी मैदा बंद करून ज्वारी, जव, कोंड्यासकट गहू खायला सांगितलंय. ह्यांना पांढरा ब्रेडच हवा."

संध्याकाळी मी हौसेने भाकरी थापली. मिलिंदने ताट हळूच पुढे सरकवलं.

"ताई, लहानपणी दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ली. शाळेत डबा उघडायची लाज वाटायची मला. आता पुन्हा तेच?"

आईने कोंड्याचा मांडा करून आम्हाला वाढवलं होतं. मिलिंद परीक्षा देत देत इथवर पोचला. पांढरी, मऊ पोळी ही त्याच्या लेखी त्याची कमाई होती. ती मी कुठल्या तोंडाने काढून घेणार? भाकरी ताटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिकटवलेला आहारतक्ता मी वाचला. धान्याच्या दाण्यात वरचा कोंडा, आतला अंकुर आणि मधला पिठूळ गर असतो, मैद्यात फक्त गर उरतो, असं बाईंनी चित्र काढून समजावलं होतं. जवातले तंतू कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत करतात, असंही होतं. खाली पेनाने लिहिलं होतं: 'हे औषधांच्या जागी नाही, गोळ्या चालूच.'

बल्लभगढच्या पुढे एका गावात चक्की (पिठाची गिरणी) आहे, असं शेजारणीने सांगितलं होतं. वैशाली ऑफिसला गेल्यावर मी मिलिंदला म्हटलं, "चल माझ्याबरोबर, मला हिंदी नीट जमत नाही." नागपूरच्या बाईला हिंदी जमत नाही हे ऐकून तो महिन्याभरात पहिल्यांदा हसला असावा. पण आला.

शेअर ऑटोने गावात पोचलो. गिरणीवाले रामफल मिशांवर पीठ बसलेले, साठीचे गृहस्थ. आम्ही गहू आणि जव दळायला दिले. मी जरा दुसरीकडे बघते तो त्यांनी सवयीने पीठ चाळायला घेतलं.

"भाईसाहब, छानिए मत," मी म्हणाले.

"चोकर (कोंडा) तो भैंस खाती है, बहनजी."

"तभी भैंस को स्टेंट नहीं लगता," मिलिंद मागून म्हणाला.

रामफल हसले नाहीत. त्यांनी चाळणी खाली ठेवली. त्यांचा लहान भाऊ मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात आहे, त्यालाही गेल्या थंडीत स्टेंट बसला. "जिंदगी भर दूसरों का पीसा," ते म्हणाले, "अपने घर थैली का महीन आटा आता रहा." मग चाळून काढलेला कोंडा त्यांनी स्वतःच्या हाताने पिठात परत मिसळला.

त्यांच्या पत्नीने आतून जव-हरभऱ्याच्या गरम रोट्या आणि बथुव्याचा (चाकवतासारख्या पालेभाजीचा) रायता आणला. परक्याच्या घरी ताट कसं सरकवणार? मिलिंदने खाल्लं. नंतर स्वतःहून दुसरी रोटी मागितली.

परतताना ऑटो पंक्चर झाला. मुख्य रस्ता अर्धा-एक किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना कोवळा गहू. पिशवी मी घेतली आणि सावकाश निघालो. थोडं चालल्यावर मिलिंद छातीवर हात ठेवून थांबला. मी पिशवी खाली ठेवली.

"दुखतंय का? वैशालीला फोन करू?"

"दुखत नाही." तो बांधावर बसला. "नुसती भीती वाटते, ताई. जिना उतरायचीसुद्धा. बाबा असेच रस्त्यात पडले होते ना. मला बाबांसारखं व्हायचं नाही."

तो रडला. मी शेजारी बसून राहिले, पाठीवर हात ठेवून. सायकलवरून जाणाऱ्या एका बाईने थांबून पाण्याची बाटली दिली. दहा मिनिटांनी तो उठला. मग मुख्य रस्त्यापर्यंत आम्ही एकदाही थांबलो नाही.

मी आणखी आठवडाभर राहिले. ज्वारीची भाकरी त्याने शेवटपर्यंत खाल्ली नाही आणि मीही आग्रह केला नाही. जवाची रोटी मात्र खायचा, आणि सकाळी वैशालीबरोबर बागेत एक फेरी मारायचा.

नागपूरला परतल्यावर मी आधी स्वतःची रक्ततपासणी करून घेतली. बाबा माझेही होते, हे इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. मिलिंदची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. एका धान्याने काय साधेल, मला ठाऊक नाही. मी त्याला भाकरी खाऊ घालायला गेले होते. माझा भाऊ चाळीस वर्षं बाबांच्या मरणाला घाबरत होता, हे मला कळायला एका ऑटोचं चाक पंक्चर व्हावं लागलं.