जिवंत तुकडा

माझं फॉर्मॅलिनवर जितकं प्रेम आहे तितकं आपल्यावर नाही, असं माझी बायको म्हणायची. खोडून काढायची सोय नव्हती, कारण माझ्या शर्टांनाही त्याचाच वास यायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून दुकान थाटलं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ लगेच फॉर्मॅलिनमध्ये बुडवली की सडत नाही, आणि मग तिच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. पण गावातले सर्जन गाठी वाटेल त्यात पाठवायचे. सलाइनच्या बाटलीत, हातमोज्यात, एकदा तर लोणच्याच्या बरणीत; तेलाचा तवंगसुद्धा होता. शेवटी वैतागून मी थिएटराथिएटरात जाऊन स्वतःच्या अक्षरात पाट्या लावल्या: ‘तुकडा हाती आला की आधी फॉर्मॅलिन, मग बाकीचं जग.’

अशात सुरगाण्याकडची सहा वर्षांची एक मुलगी आली. मांडीत खोलवर आंब्याएवढी गाठ. वडील भात लावणारे, आणि कापणी उरकली की द्राक्षबागांत मजुरीला उतरणारे. सर्जन माझा कॉलेजातला मित्र. त्याने सुईने काढून दिलेल्या पेशी मी तीन दिवस बघितल्या, खुर्ची बदलून बघितल्या. शेवाळासारख्या बुळबुळीत पसाऱ्यात चरबीच्या कोवळ्या पेशी. ही लहान मुलांची निरुपद्रवी गाठ असू शकत होती, काढली की विषय संपला. किंवा तशीच दिसणारी सार्कोमाची, म्हणजे कर्करोगाची. लहान वय पहिल्या बाजूने बोलत होतं, पण गाठ फार मोठी आणि फार खोल होती.

“लेका, पाय ठेवायचा की जाणार, एवढंच सांग,” मित्र म्हणाला. “निबंध नको.”

ते सांगायला माझे डोळे पुरे नव्हते. गुणसूत्रं बघावी लागणार होती. या जातीच्या सार्कोमात बाराव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले असतात. निरुपद्रवी गाठीत भानगड बहुधा आठव्यात असते. तपासणी मुंबईत व्हायची आणि तिला तुकडा जिवंत लागायचा, कारण पेशी वाढायला लागल्या तरच त्यांची गुणसूत्रं दिसतात. त्यासाठी मुंबईहून एक बाटली आली. आत पेशींचं खाद्य, गुलाबी सरबतासारखं.

तपासणीपुरता तुकडा काढायच्या ऑपरेशनला मी जातीने हजर. गुलाबी बाटली टेबलावर उघडून ठेवलेली, शेजारी नेहमीची फॉर्मॅलिनची. मित्राने तुकडा माझ्या चिमट्यात दिला. मी तो टाकला, दोन्ही बाटल्यांची झाकणं लावली, गुलाबी बाटली डब्यात ठेवली आणि मोठ्या ऐटीत द्वारकेला मुंबईच्या टॅक्सीपाशी पोहोचलो. बसण्याआधी सहज बाटली उजेडात धरली. आत नुसतं सरबत.

तसाच धावत परत. थिएटरातली सिस्टर शांतपणे म्हणाली, “सर, तुम्ही तो फॉर्मॅलिनमध्ये टाकलात.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

तिने पाटीकडे बोट दाखवलं.

तुकडा मेला होता. आता खरं सांगतो, अर्धा कप चहा संपेपर्यंत माझ्या मनात पाप होतं. पेशी कित्येकदा वाढतच नाहीत. ‘नाही वाढल्या’ असं म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण मग त्या मुलीचा पाय माझ्या अंदाजावर लटकला असता, आणि माझे अंदाज कसे असतात ते नुकतंच टॅक्सीवाल्यानेही पाहिलं होतं. मित्राला सांगितलं. तो जे बोलला ते छापण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, “बापाला तू सांगायचंस.”

बाप व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मुलगी खाटेवर बिस्किट खात होती. मी सगळं सांगितलं, बाटल्यांसकट.

“म्हंजी परत बेशुद्ध करनार?”

“हो. चूक माझी आहे.”

मी माझ्या चपलांचं निरीक्षण केलं.

“रोप जळालं तर आम्ही पन दुसऱ्यांदा पेरतो,” तो म्हणाला. “पन मंग ज्याच्यामुळं जळालं त्याच्या हाती बी देत नाय. बाटली मी धरीन.”

मी मित्राकडे वळलो, हा नाही म्हणेल म्हणून. दुसऱ्या दिवशी मित्राने त्याला हिरवा गाऊन, टोपी, मास्क सगळं चढवलं. फॉर्मॅलिनच्या बाटल्या सिस्टरने आधीच शेजारच्या खोलीत कुलपात टाकल्या होत्या. माझ्याकडे बघत टाकल्या. मुलगी झोपल्यावर बापाला आत घेतलं. तीर्थ धरावं तशी दोन्ही हातांनी बाटली धरून तो उभा राहिला आणि जखमेकडे एकदाही बघितलं नाही. मित्राने तुकडा थेट बाटलीत सोडला.

“पडला?” मी भिंतीपाशी उभा राहून विचारलं.

“पडला, सायेब. तुमी हात नका लावू.”

मुंबईपर्यंत मी बाटली मांडीवर घेऊन गेलो आणि वाटेत चहालाही उतरलो नाही. पुढचे तीन आठवडे फोन वाजला की उडी मारायचो. एका दुपारी तिकडच्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, “भानगड आठव्यात.”

“बारा आणि सोळा?”

“जागच्या जागी.”

मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्यांनी फोन ठेवला.

मित्राने नुसती गाठ काढली. टाके काढायच्या दिवशी काही काम नसताना मी तिथे गेलो आणि दिलासा द्यावा म्हणून मुलीच्या पायाशी वाकलो. तिने माझ्या पोटात सणसणीत लाथ घातली.

“अगं पोरी, डॉक्टरला लाथ मारती?” बाप ओरडला.

“कोणत्या पायाने मारली?” मित्राने विचारलं.

“गाठीच्या,” मी पोट धरून म्हणालो.

“मग मारू दे. आणखी एक मार गं.”

तिने मारली.