मथळ्यातली बारीक अक्षरं

शेजारच्या शांताक्का जळकोटच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवतात. यजमान गेल्यावर हे काम त्या शिकल्या. लिंगपूजा झाली की भस्म लावून निघतात, दुपारी मी डबा घेऊन जाते तोवर बोटं शाईनं काळी झालेली असतात.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या विहिरीवरचा इंजिनवाला पुण्याला निघून गेला आणि पाणी बंद पडलं. आमच्या आळीतली चांगुणा म्हणाली, "मी चालविते." सोमवारी पंचांसमोर एकटीनं इंजिन चालू केलं तर काम तिचं, असं ठरलं. तिला अक्षरओळख जेमतेम. म्हणून इंजिनघरात लावायला तक्ता छापायचा होता. इंजिनावर रंगवलेले शब्द, 'तेल बघा', 'कॉक सोडा', जसेच्या तसे मथळ्यात, आणि काय करायचं ते खाली.

शांताक्कांनी मथळे ठळक लावले, रिवाजच तो. चांगुणानं कच्चा छाप पाहिला. "अक्का, ह्यो शब्द इंजिनावर न्हाय की."

"तोच आहे गं, जाड केलाय."

"उद्या माझ्या धन्याला जाड करून हुबा केलात, तर त्याला बी वळखायची न्हाय मी!"

मी हसून हसून डबा सांडणार होते. शांताक्का मात्र उठल्या. मथळ्यांतलं 'पहिलं काम', 'दुसरं काम' ठळक ठेवलं, पण इंजिनावरच्या शब्दांना ब्रशच्या फटकाऱ्यासारखे बारीक खिळे घेतले. ठळक खिळ्यांशेजारी ते ठेंगणे पडले. ओळ सैल होऊन सगळे खिळे भुईवर.

छापखान्याचे वीरप्पा मालक म्हणाले, "मथळ्यात बारीक अक्षर? लोक म्हणतील, वीरप्पाकडचे खिळे संपले."

"म्हणू द्या मालक. पाणी आल्यावर कोण म्हणतंय?"

खिळे वेचून शांताक्कांनी बारक्या शब्दांच्या वरखाली शिशाच्या पट्ट्या घातल्या. ओळ घट्ट बसली. मी बसवण्णाचं नाव घेत होते, तर म्हणाल्या, "बसवण्णाला नंतर, आधी तो चिमटा धरा."

सोमवारी विहिरीवर अख्खी आळी. चांगुणा तक्त्यावरच्या शब्दावर बोट ठेवी, मग इंजिनावर तोच शब्द शोधी. पंच घड्याळाकडे पाहत होते. "घाई करू नका, दादा," ती म्हणाली. "पळून न्हाय जात इंजिन." कॉक सोडला, हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, थांबलं. ती परत पहिल्या मथळ्यावर गेली. टाकीतलं तेल बघितलं, कमी होतं, घातलं. दुसऱ्यांदा धडधडलं आणि नळीतून गढूळ पाणी उसळलं.

पहिली घागर शांताक्कांच्या हातात. त्यांनी ती माझ्याकडे दिली, "बसवण्णाला घाला आता." शाईचे ठसे घागरीवर उमटले होते. मी तशीच नेली देवळात.