घाम येणारा खेळ

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे तिथे नेमकं काय शिकवतात हे घरी कुणाला माहीत नव्हतं, आणि पहिल्या वर्षी मलाही ते फारसं कळलं होतं असं म्हणवत नाही. मी कॅरमच्या टीममध्ये गेले असं सांगितलं तेव्हा आई भाकर थापता थापता थांबली.

"काहून वं, तिथं कॅरमबी शिकवते का?"

"शिकवत नाही. स्पर्धा असते."

"मंग एवढी पुस्तकं कायले आणाले लावली?"

मी पुस्तकं उचलून फळीवर ठेवली. 

सत्तर सालानंतरचे ते दिवस. आमच्या कॉलेजात मुलींच्या खोलीत दोनच वस्तू होत्या, एक आरसा आणि एक कॅरम बोर्ड. मुलींनी पळू नये, उड्या मारू नयेत, ओरडू नये अशी कॉलेजची अपेक्षा होती. एवढं सगळं वजा करून जो खेळ उरला तो आम्हाला दिला होता. आमची कॅप्टन तिसऱ्या वर्षाला होती आणि रोज कळमेश्वरहून बसनं यायची. दोन वर्षं लागोपाठ तिनं मुलींचा आंतर-महाविद्यालयीन करंडक आणला होता. ते दोन्ही करंडक प्राचार्यांच्या खोलीत मुलांच्या क्रिकेट संघाच्या फोटोमागे ठेवलेले असत. तो संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरायचा, पण फोटो फार छान यायचा. सगळे मरून रंगाच्या ब्लेझरमध्ये.

मला तिनं दुहेरीसाठी जोडीदार म्हणून निवडलं तेव्हा मी विचारलं, मीच का?

"तुले खेळता येत नाही," ती म्हणाली, "पण तू आयकते. बाकीच्या साऱ्या हुशार हायेत."

तिची एक पद्धत होती. सामन्याआधी ती हाताची पालथी बाजू बोर्डवरून फिरवायची. मग एक सोंगटी हलकेच सरकवायची आणि ती थांबेपर्यंत नजर हलवायची नाही. मग निकाल द्यायची, "आज बोर्ड आळशी हाये, जोर लाव," किंवा "आज पळून राहिला, नुसतं बोट लाव." खेळताना जोडीदाराशी बोलायला बंदी असते, म्हणून जे सांगायचं ते आधीच.

हे ती घरी शिकली होती, पण खेळून नाही. घरच्या ओट्यावर तिचे भाऊ खेळायचे. बहिणीनं पावडर टाकायची, पडलेल्या सोंगट्या वेचायच्या. बोर्डला बसायचं नाही. दोन करंडक जिंकल्याचं सांगितलं तरी ते म्हणायचे, पोरींची स्पर्धा ते, त्यात काय. करंडक काही घरी नेता येत नव्हता. ब्लेझर नेता आला असता. म्हणून तिला तो हवा होता. कळमेश्वरच्या स्टँडवर ब्लेझर घालून उतरायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आम्ही दोघी क्रीडा समितीच्या प्रमुखांकडे गेलो. ते भूगोल शिकवायचे. त्यांनी आमचं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघा, ब्लेझर मैदानी खेळाला असतो. ज्या खेळात घाम येतो, त्या खेळाला. तसं समितीचं धोरणच आहे."

"सर, नागपुरात घाम यायले खेळ कायले लागते?"

सर हसले नाहीत. तिसऱ्यांदा करंडक आणा, मग समिती विचार करेल, असं म्हणाले.

एरवी थंडीत होणारी स्पर्धा त्या वर्षी संपामुळे लांबत एप्रिलात आली. यजमान आमचंच कॉलेज. मुख्य पाहुणे म्हणून एक मोठे साहेब येणार होते, म्हणून सरांनी हॉलमध्ये दोन कूलर आणवले. वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, पंप सुरू केले. साहेबांच्या खुर्चीकडे जाणारा वारा वाटेत बरोबर आमच्या बोर्डवरून जात होता.

अंतिम सामना दुहेरीवर आला. कॅप्टननं बोर्डवर हात फिरवला आणि तिचा चेहरा पडला. बोर्ड ओलसर झाला होता, पावडरीचा लगदा. तिचा सगळा खेळ अलगद. प्रतिस्पर्धी दोघी मात्र दार ठोठावावं तशा मारायच्या. त्यांच्या सोंगट्या पोचत होत्या, आमच्या अर्ध्या वाटेत बसत होत्या. पहिला डाव गेला.

तिनं पंचांना कूलर बंद करायला सांगितलं. पंचांनी नियम पाहिले. पंखा बंद असावा असं त्यांत होतं, कूलरबद्दल काही नव्हतं. सर धावत आले.

"बंद? आणि पाहुण्यांना उकडलं तर?"

समितीची बैठक तिथेच, उभ्या उभ्या सुरू झाली. एक प्राध्यापक म्हणाले, बोर्ड हलवा. दुसरे म्हणाले, पाहुणे हलवा. तेवढ्यात कॅप्टन नम्रपणे म्हणाली, "सर, कूलर चालूच राहू द्या. फक्त पाण्याचा पंप बंद करा."

सरांना हे फार आवडलं. कूलर चालू म्हणजे व्यवस्था चालू. पंप बंद झाला, बोर्ड कोरडा पुसून घेतला, आणि बघता बघता ताट्या वाळून एप्रिलची सगळी दुपार त्या कूलरमधून हॉलमध्ये येऊ लागली. बोर्ड काचेसारखा झाला. दुसरा डाव आमचा.

तिसऱ्या डावात त्यांची एक सोंगटी उरली, आमचीही एक, आणि पाळी माझी. माझ्या हातात अजून पहिल्या डावातला जोर होता. समोर कॅप्टन. बोलता येत नव्हतं. तिनं फक्त कूलरकडे पाहिलं. मी जोर आवरला, नुसतं बोट लावलं. सोंगटी इतकी सावकाश गेली की मला वाटलं थांबली. मग पडली.

साहेब भाषणाला उठले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि अंगावर पांढरी पावडर उडालेली होती. सरांच्या कोटाचीही तीच गत. रुमाल पिळावा तसा मुठीत धरून साहेब म्हणाले, "या खेळात इतका घाम येतो, याची मला कल्पना नव्हती."

टाळ्यांत सरांचाही हात होता. मग धोरणाला काही इलाज राहिला नाही.

मुलीच्या मापाचा ब्लेझर शिवण्याची मात्र सोय नव्हती. क्रिकेटच्या एका माजी कप्तानाचा न नेलेला ब्लेझर तिला मिळाला. बाह्या बोटांच्याही खाली यायच्या.

मे महिन्यात तिनं मला घरी जेवायला बोलावलं. सीताबर्डीवरून आम्ही बस धरली. ती ब्लेझर घालूनच बसली, वरचं बटणसुद्धा लावून. कंडक्टरनं तिच्याकडे काळजीनं पाहिलं.

"धंतोलीच्या दवाखान्यातून आल्या का, बाई? हिव भरलं का?"

"नाही गा भाऊ. मी कॅरमची कॅप्टन हावो."

कंडक्टरनं खिडकीतल्या माणसाला उठवून तिला जागा दिली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताप जास्तच चढलेला दिसते."

घरी भाऊ ओट्यावर खेळतच होते. थोरल्यानं वर पाहिलं. "हा कोणाचा कोट वं?"

तिनं चपला काढल्या, उजवी बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि हाताची पालथी बाजू बोर्डवरून फिरवली. कपाळावरचा घाम बोर्डवर पडू नये म्हणून ती जरा मागे झाली.

"लय आळशी ठेवला बोर्ड," ती म्हणाली. "सरक गा दादा."

थोरला क्षणभर त्या मरून बाहीकडे पाहत राहिला. मग सरकला, आणि पावडरीचा डबा धाकट्याकडे ढकलला.