बंद मशीनचा अर्धा तास
परवा बहिणीच्या सोनोग्राफीला सोबत गेले, तिथे जेलीचा वास आला आणि चाकणच्या आमच्या पत्र्याच्या घरातली एक दुपार आठवली. सासूबाईंच्या तळपायाची शुगरची जखम सहा महिने भरत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ड्रेसिंगच्या जोडीला एक वेगळा उपाय सुचवला होता. पोटरीला जेली लावून दोन पट्ट्या चिकटवायच्या आणि छोट्या मशीनने नसांना रोज अर्धा तास हलका करंट द्यायचा. पाय बधिर, त्यामुळे कातडी भाजत नाही ना हे बघायला कुणीतरी शेजारी बसायला हवं, आणि ते काम माझं होतं. त्या दिवशी मी पहिली शिफ्ट करून आले होते, डोळे मिटत होते. मी पट्ट्या चिकटवल्या, मशीन चालूच केलं नाही आणि भिंतीला टेकून झोपले. जाग आली तेव्हा सासूबाई पाय स्टुलावर तसाच ठेवून मशीनच्या न लागलेल्या दिव्याकडे बघत बसल्या होत्या. मी घाईने पट्ट्या काढल्या. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "आई, मशीन लावलं का?" मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "व्हय, लावलं की. आज मुंग्या बी आल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जेव आधी, दमलीयस." त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी कारण सांगून सुटले असते. पुढे मी एकही दिवस चुकवला नाही, जखमही हळूहळू भरली. आता घरी कुणी आलं की त्या कौतुकाने सांगतात, "सुनेनं पाय वाचवला माझा," आणि मी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून जाते.