घरटी एक माणूस

इमारतीत शिरताना काका जिन्याच्या भिंतीवरून एक बोट फिरवायचे, बोट जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "खारं हाय." मग वर जायचे. लोणा लागून पोपडे सुटलेल्या भिंतीला कुणी असं बोट लावलं तर एक वेळ समजून घेता येईल, पण हे नुकत्याच रंगवलेल्या भिंतीलाही सोडायचे नाहीत. आमच्या हिने एकदा त्यांना अडवलं. "काका, कालच रंग दिलाय, पोटात जाईल तुमच्या." त्यावर ते म्हणाले, "वरचा रंग तुमचा, बाय. खालचं मीठ माझं."

ते खोटं नव्हतं. वसईच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला जिथे आमची इमारत उभी राहिली ते त्यांचं भातशेत होतं. नव्वदच्या आसपास त्यांनी ते बिल्डरला दिलं आणि बदल्यात दोन फ्लॅट घेतले. एकात ते आणि काकी राहायचे, दुसरा भाड्याने. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाकीचे आम्ही सगळे कोकणातून, देशावरून, मुंबईच्या चाळीतून आलेले नोकरदार. मी सातिवलीला एका खोक्यांच्या कारखान्यात हिशेब बघायचो. आमच्या स्वयंपाकघरात आले की ते ओट्याखाली बोट दाखवून सांगत, "हितं रोपं टाकायचो मी." आपण भाडेकरू आहोत असं वाटायला लावण्याची कला त्यांच्याकडे होती, आणि हप्ते भरणाऱ्या माणसाला ती झोंबते.

स्वभावाने गरीब वगैरे मुळीच नव्हते, हेही सांगून टाकतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली खाकी हाफपँट, आणि सोसायटीच्या मीटिंगला सगळ्यांच्या आधी येऊन पुढची खुर्ची. विषय पाण्याच्या टाकीचा असो की वॉचमनच्या रजेचा, हे उठून बांधाचीच गोष्ट काढायचे. इमारतीच्या मागे थोडी मोकळी पट्टी, तिच्यापलीकडे जुना मातीचा बांध, बांधापलीकडे तिवरं आणि खाडी. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून त्यांच्या वाडवडलांनी तो घातलेला. बांधात एक उघाडी होती, म्हणजे लाकडी झडपेची मोरी. भरतीला झडप आपोआप मिटायची, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी खाडीत सोडायची.

बांध फुटला की गावात डबा बडवायचे, असं ते सांगत. डबा वाजला की घरटी एक माणूस. फुटलेल्या जागी आधी माणसं उभी राहायची, अंगाला अंग लावून, पाण्याकडे तोंड करून. त्यांच्या पाठीशी बाकीच्यांनी चिखल लोटायचा. ज्या घरातून कुणी येणार नाही त्या घरचं पाणी वर्षभर कुणी प्यायचं नाही. "म्हातारा नाय, आजारी नाय. घरटी एक मानूस म्हंजे घरटी एक मानूस," एवढं बोलून ते खाली बसायचे, आणि सेक्रेटरी पुन्हा पाण्याच्या टाकीकडे वळायचे.

मग एका वर्षी गावातल्या वाचनालयात मुंबईहून कुणी बाई आल्या आणि पडद्यावर चित्रं दाखवून गेल्या. पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतो आहे, समुद्र चढणार आहे. आम्ही चार लोक होतो, त्यातले दोन पंख्याखाली बसायला आलेले. हे मात्र खुर्चीच्या टोकावर. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "मी बोलत होतो ते या बाईला पन म्हाईत हाय." त्यांना भीती वाटल्याचं दिसलं नाही. उलट इतक्या वर्षांनी कुणीतरी आपली बाजू घेतली याचाच आनंद जास्त होता.

त्या पावसाळ्यात मोठ्या उधाणाचा एक रविवार गाठून त्यांनी फर्मान काढलं. इमारतींमधल्या सगळ्यांनी बांधावर यायचं, खाडीकडे तोंड करून हातात हात घालून उभं राहायचं. बांध फुटलेला नव्हता. "फुटंल तवा उभं ऱ्हायाची सवय नको?" दारोदार जाऊन सांगून आले. त्या रविवारी बांधावर ते, काकी, मी आणि एक कुत्रा. हातात हात घालायचं ठरलं होतं म्हणून घातले. काकी सारख्या खाली बघून हसत होत्या. पुढे वर्षभर त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमधला चहा घेतला नाही. मीटिंगला मात्र यायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी नियम सैल केला. "मानूस नाय येत तर कपडे तरी धाडा." घरटी एक जुना जोड. बांबू त्यांचे, पेंढा त्यांचा, डोक्याला मडकं त्यांचं. शेतावर बुजगावणी करण्यात त्यांचा हात बसलेला होताच. अट एकच होती. कपडा नुसता देऊन चालणार नाही, ज्याचा असेल त्याने बांधावर येऊन तो स्वतः चढवायचा. "बटनं तुम्ही लावायची. मी लावली तर तो माझा मानूस."

आणि तुम्हाला सांगतो, लोक आले. माणसांचं असंच असतं, स्वतःला यायला सांगितलं तर वेळ नसतो, स्वतःचा शर्ट उभा राहणार म्हटलं की बघायला येतात. बँकेतल्या एकाने पँट दिली पण पट्टा काढून घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नवऱ्याचा लग्नातला कोट दिला, नवऱ्याला न विचारता. आठवडाभर त्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण नवरा संध्याकाळी बांधावर जाऊन कोटाच्या खांद्यावरची धूळ झटकून यायचा. आमच्या हिने माझा सफारी दिला. मी तो स्वतःच्या हाताने त्या पेंढ्याच्या पोटावर चढवला आणि बटणं लावली. माझ्यापेक्षा त्याला बरा बसला.

बघता बघता बांधाच्या आतल्या पायथ्याशी, जिथे माती मऊ होती, तिथे एक रांग उभी राहिली. साड्या, शर्ट, शाळेचे गणवेश, एक नर्सचा डगला. सगळ्यांची पाठ आमच्याकडे, तोंडं खाडीकडे. वर्तमानपत्रातून एक फोटोवाला आला आणि कोटाचा तेवढा फोटो काढून गेला. खाली छापलं होतं, 'बुजगावण्यांची वरात'. दर्या, तापणारी पृथ्वी, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "वरात तर वरात. लोक मोजतील तरी."

कुणीतरी चिडवायचं म्हणून विचारलं, "काका, तुमच्या घरचा कुठाय?" ते म्हणाले, "मी हाय ना."

दर उन्हाळ्यात पेंढा बदलायचा, फाटलेले कपडे बदलायचे. अशी काही वर्षं गेली. आम्हाला त्यांचं वेड अंगवळणी पडलं आणि त्यांना आमचं हसणं.

आणि त्या जुलैत पाणी आलं.

मी कारखान्यात गेलोच नव्हतो, रस्ताच दिसत नव्हता. सकाळपासून सगळे गॅलरीत उभे राहून खाडीकडे बघत होतो. इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला तेवढं शिकवलं होतं. खाडी भरलेली होती, पण बांधाच्या आत नव्हती. पाणी आलं ते आमच्या पाठीमागून, डोंगराकडून, नव्या इमारतींसाठी टाकलेल्या भरावाला वळसे घालत, तपकिरी आणि मुकाट. तळमजल्यावरची माणसं गाद्या डोक्यावर घेऊन जिन्यात आली तेव्हा आम्हाला कळलं की आपण चुकीच्या गॅलरीत उभे आहोत.

बुजगावण्यांना ते पाठीवर लागलं. एकेक करत ती पुढे कलली, बांबू उपटले गेले आणि सगळी रांग तरंगायला लागली. पहिल्या मजल्यावरची एक म्हातारी "अरे माणसं चाललीत, कुणीतरी जा," म्हणून ऊर बडवत होती आणि तिला कुणी समजावू शकत नव्हतं. आम्हालाही ती माणसंच दिसत होती. मी माझा सफारी पालथा जाताना पाहिला.

दुपारी ओहोटी लागली. पलीकडे खाडीचा चिखल उघडा पडला, तरी आतलं पाणी इंचभर उतरेना. मग लक्षात आलं. ती सगळी बुजगावणी उघाडीच्या तोंडाशी जाऊन अडकली होती. प्लास्टिक होतं, फांद्या होत्या, एक गादी होती, पण वरून दिसत होते ते कपडेच. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "काका, तुमच्या बाहुल्यांनी मारलं आम्हाला." आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेला तो माणूस नव्हता, त्या दिवशी मान खाली घालून जिना उतरला आणि छातीभर पाण्यात चालू लागला. खालचा रस्ता आम्हाला दिसत नव्हता, त्यांच्या पायांना शेताचा बांध आठवत होता. बरोबर घरातला एक रिकामा डबा घेतला होता. उघाडीशी पोचल्यावर त्यांनी तो बडवला.

किती जण उतरले ते विचारू नका. मी उतरलो, कोटवाला उतरला, वॉचमन उतरला, शेजारच्या इमारतीतले काही. रांग करायला पुरले. ते पुढे, मोरीत खांद्यापर्यंत हात घालून एकेक ओढून काढत आणि मागे देत. कपडे नुसते ओढून निघत नव्हते. बांबू आडवे अडकलेले, आणि कपडे बांबूंना घट्ट बसलेले, कारण बटणं आम्ही नीट लावली होती. शेवटी पाण्याखाली हात घालून ते एकेक बटण सोडत राहिले. कोट निघाला तेव्हा कोटवाल्याने तो हातात घेतला आणि तसाच मागच्या माणसाकडे दिला. अंधार पडायच्या सुमारास झडप हलली आणि पाणी उतरू लागलं.

त्या रांगेत त्यांनी फक्त एकदा मागे वळून बघितलं. मला वाटलं माणसं मोजताहेत. पण ते इमारतीकडे बघत होते.

आठवड्याने ताप आला. डोळे पिवळे झाले. उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून येतो तो ताप, त्या पावसात घरोघर होता. हातांवर बांबूंनी कापलेलं होतं, तिथून तो आत गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा ते भिंतीला बोट लावू बघत होते आणि हात पोचत नव्हता.

"तोंड चुकलं आपलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, कुणाच्या ध्यानात आलं असतं? एवढा पाऊस कुणी पाहिला होता?"

"पाऊस नाय. दर्या चढंल तवा चढंल. मी मागं शेत धरून चाललो होतो. शेत पानी पीतं. कितीबी येऊ दे, पीतं." मग म्हणाले, "मीच इकलं, आन मीच इसरलो."

दोन दिवसांनी ते गेले. घरोघर चिखल काढणं चालू होतं, कित्येक घरांत आजारी माणसं होती. घरटी एक माणूस काही झाला नाही. खांदेकरी झाले, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात काकींनी मला बोलावलं. दारात बांबू आणि पेंढा होता, आणि इस्त्री केलेला पांढरा शर्ट, खाकी हाफपँट. आम्ही ते बांधाशी नेऊन उभं केलं. मी सवयीने तोंड खाडीकडे केलं. काकींनी खांद्याला धरून ते फिरवलं, इमारतींकडे. मग म्हणाल्या, "बटनं लाव, बाबा."

मी लावली. त्या पावसाळाभर ते आमच्याकडे बघत उभं होतं. मुलंसुद्धा त्याला दगड मारत नव्हती.

दिवाळीनंतर डंपर आले. बांधालगतची ती पट्टी जुन्याच करारात होती, बिल्डरचं काम तेवढं थांबलं होतं. भराव आधी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आला, मग कमरेपर्यंत. काकी गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. माती शर्टाच्या खिशाशी आली त्या दिवशी मला राहवलं नाही, मी वर जाऊन विचारलं, "काकी, काढून आणू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे. त्यांच्याच शेतात हायेत ते."